लोकल न थांबवता बदललेली वीज

डेटा गेटवे नव्या यंत्रावर हलवायचा असला की आजचा इंजिनिअर काय करतो? एकाऐवजी दोन-तीन गेटवेंचा गट, म्हणजे क्लस्टर, उभा करतो. त्यातला एकेक बाजूला काढून बदलतो, बाकीचे भार उचलतात. काम थांबत नाही. आपल्याला हे नवीन वाटतं. पण आपल्या उपनगरांनी हाच खेळ लोकलच्या तारेवर पाहिला आहे.

३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदर ते कुर्ला देशातली पहिली विजेची गाडी धावली. १९२८मध्ये बोरिवलीपर्यंत वीज आली. दोन्हीकडे १,५०० व्होल्ट डीसी. दाब कमी, म्हणून प्रवाह प्रचंड, तारा जाड आणि दर काही किलोमीटरवर उपकेंद्र. डबे वाढले, फेऱ्या वाढल्या, तशी ही व्यवस्था अपुरी पडू लागली. उपाय होता २५,००० व्होल्ट एसी. पण त्यासाठी लोकल बंद ठेवणार कशी?

इथे क्रम महत्त्वाचा ठरला बघा. आधी तार नाही बदलली. आधी दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या. मग रात्रीच्या आणि रविवारच्या ब्लॉकमध्ये, बाहेरून शहराकडे, तुकड्या-तुकड्यानं तार बदलली. जुनी आणि नवी वीज जिथे भेटत, तिथे थोडी तार निर्जीव ठेवलेली असे. मोटरमन वीज तोडायचा आणि गाडी वेगाच्या जोरावर पुढे सरकायची. डब्यातले दिवे क्षणभर गेलेले तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील! पश्चिम रेल्वेवर हे काम फेब्रुवारी २०१२मध्ये संपलं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर जून २०१५मध्ये, हार्बरवर एप्रिल २०१६मध्ये.

एसीची उपकेंद्रं लांब लांब असतात. एक बंद पडलं तर शेजारच्यानं त्याचा भाग सांभाळायचा. त्यासाठीचे स्विच नियंत्रण कक्षातून दुरूनच फिरवता येतात. हाच क्लस्टर. मात्र शेजाऱ्याकडे तेवढी ताकद शिल्लक हवी.

आणि एवढंही पुरत नाही. १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी मुंबईला वीज पुरवणारं जाळंच कोलमडलं आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. शेजारी कितीही असोत, सगळ्यांचं पाणी एकाच विहिरीचं असेल तर विहीर आटल्यावर कोण कोणाला देणार? तेव्हा क्लस्टर उभारताना यंत्रं मोजण्याआधी विहिरी मोजा.