इथे आधी काहीच नव्हतं? मेलबर्नची पुस्तकं आणि आपण पश्चिमेकडचे

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

दोन आठवड्यांपूर्वी आपल्या टार्नीट-ट्रुगनीनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका नव्या बागेच्या नावाची चर्चा चालली होती. एकजण म्हणाला, एखादं भारतीय नाव सुचवूया. एका ताईंनी विचारलं, इथलं काही जुनं नाव असेल तर? त्यावर लगेच मेसेज आला, "इथे कसला आलाय इतिहास? पंधरा वर्षांपूर्वी नुसतं गवत होतं." त्या मेसेजला भराभर अंगठे पडले. त्यातला एक माझा होता.

रात्री जेवताना तो अंगठा आठवला आणि लाज वाटली. कारण हेच वाक्य मी मेलबर्नच्या इतिहासाच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा वाचलंय. दर वेळी ते कुणाच्या तरी सोयीचं होतं, आणि दर वेळी नंतरच्या कुणीतरी कागद उकरून ते खोटं ठरवलं. म्हणून ही पोस्ट.

माझं ऑफिस शहरात आहे. सुरुवातीच्या वर्षांत जेवणाच्या सुट्टीत मी स्टेट लायब्ररीत जाऊन बसायचो, खरं सांगायचं तर फुकट एसी आणि वायफायसाठी. लायब्ररी १८५६ साली उघडली, तो घुमटाचा वाचनकक्ष १९१३ चा. तिथे बसून हळूहळू या शहरावरची पुस्तकं हाताला लागली आणि सवयच जडली. इतिहासाचा अभ्यासक वगैरे मी नाही, नुसता वाचणारा आहे.

सुरुवात १८३५ पासून करू. ६ जून १८३५ ला जॉन बॅटमननं कुलिन लोकांच्या वडीलधाऱ्यांशी एक 'करार' केला. ब्लँकेटं, चाकू, कुऱ्हाडी, पीठ असं सामान आणि दरवर्षी थोडं आणखी देण्याचं वचन, त्या बदल्यात सुमारे ६ लाख एकर जमीन. समोरच्यांना त्याचा काय अर्थ लागला असेल ते तुम्हीच ठरवा. पण निदान एवढं तरी त्या कागदात होतं की जमिनीला मालक आहेत. ऑगस्टमध्ये सिडनीहून गव्हर्नर बर्क यांनी जाहीरनामा काढून तो करार रद्द केला. कारण काय? ही राजाची रिकामी जमीन आहे, परवानगीशिवाय तिथे शिरणारा घुसखोर. 'रिकामी' हा शब्द तिथे सरकारी कागदावर आला. माणसं समोर उभी होती, तरी जमीन रिकामी!

जेम्स बॉइस यांचं '१८३५' हे पुस्तक (२०११) नेमकं या गोष्टीवर आहे. मेंढ्या घेऊन आलेल्यांना सरकारनं अडवलं नाही, उलट मागाहून मान्यता दिली, आणि त्यामुळे अख्ख्या खंडाचं दार उघडलं, असं त्यांचं म्हणणं. त्यासोबत गॅरी प्रेसलंड यांचं 'ॲबोरिजिनल मेलबर्न' वाचलं तर शहर वेगळंच दिसायला लागतं. कुठे ओढे होते, कुठे पाणथळ, कुठे कुलिन लोक मुक्काम करायचे. आपण एमसीजीला मॅच बघायला जातो ना, त्याच्या शेजारच्या यारा पार्कात साल काढल्याच्या खुणा असलेली जुनी झाडं आजही आहेत. पुढच्या वेळी अर्धा तास आधी पोचा आणि बघा.

पण ही पुस्तकं अलीकडची. शहराचा पहिला मोठा बखरकार म्हणजे 'गॅरीओवेन'. खरं नाव एडमंड फिन, आयर्लंडहून १८४१ मध्ये आलेला वार्ताहर. १८३५ ते १८५२ या काळातलं मेलबर्न त्यानं दोन जाडजूड खंडांत लिहून काढलं, ते १८८८ मध्ये छापलं गेलं. दारूचे गुत्ते, कोर्टकचेऱ्या, भांडणं, पूर, फाशी, निवडणुका, सगळं त्यात आहे. वाचायला मजा येते. पण नजर त्या काळच्या गोऱ्या माणसाची आहे, कुलिन लोकांविषयीची पानं वाचताना ते बोचतं. गंमत म्हणजे त्याच्या २५ वर्षं आधी, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' आलं होतं आणि १८६८ मध्ये ना. वि. जोशी यांचं 'पुणे शहराचे वर्णन'. आपलं शहर आपण लिहून ठेवायचं, ही सवय मराठी माणसाला नवी नाही. इथे येऊनच मोडली बहुतेक.

आता आपल्या पश्चिमेकडच्यांनी आवर्जून वाचावं असं पुस्तक सांगतो: मायकल कॅनन यांचं 'द लँड बूमर्स', १९६६ चं. १८८० च्या दशकात मेलबर्न श्रीमंतीच्या धुंदीत होतं, 'मार्व्हलस मेलबर्न' हे नाव तेव्हाचंच. शहराबाहेरची कुरणं तुकडे पाडून विकली जात. लिलावाला यायला फुकट रेल्वे, वर शॅम्पेनसह जेवण. जाहिरातीत वसाहत, प्रत्यक्षात चिखल. ओळखीचं वाटतंय? मग बाजार कोसळला. १८९३ मध्ये बँकांनी एकामागून एक दारं लावली आणि साध्या लोकांच्या ठेवी अडकल्या. या खेळात पुढारीही होते. जेम्स मन्रो तर प्रीमियर. १८९२ मध्ये पद सोडून ते लंडनला व्हिक्टोरियाचे एजंट-जनरल म्हणून निघून गेले, दिवाळं नंतर निघालं. बऱ्याच बड्या लोकांनी ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्याशी गुपचूप तडजोडी करून पौंडामागे काही पेन्सांवर सुटका करून घेतली. सत्तर वर्षं याविषयी कुजबुज होती. कॅनन यांनी दिवाळखोरीचे जुने कागद उपसून नावानिशी छापलं. कागद कुणीतरी सांभाळून ठेवले होते म्हणूनच हे जमलं. ग्रॅम डेव्हिसन यांचं १९७८ चं 'द राइज अँड फॉल ऑफ मार्व्हलस मेलबर्न' त्याच काळावर आहे, जरा शांतपणे लिहिलेलं. कॅनन यांनी माणसं पकडली, डेव्हिसन यांनी शहर कसं चालत होतं ते दाखवलं.

जमीन रिकामी म्हणायची एक तऱ्हा झाली. दुसरी तऱ्हा म्हणजे तिथे राहणाऱ्यांना 'झोपडपट्टीवाले' म्हणायचं. लिटल लॉन्सडेल स्ट्रीटच्या गल्ल्यांचं तेच झालं. वर्तमानपत्रांत तिथे फक्त गुन्हे, दारू आणि वेश्यावस्ती. पुढे १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि पुन्हा २००२ मध्ये तिथे उत्खनन झालं, तर जमिनीतून काय निघालं? नक्षीची चिनी मातीची भांडी, मुलांची खेळणी. म्हणजे चारचौघांसारखे संसार.

रिचमंडचीही तीच कथा. १९३० च्या दशकात ऑस्वल्ड बार्नेट नावाच्या गृहस्थांनी आतल्या उपनगरांतल्या पडक्या घरांचे फोटो काढून मोठी मोहीम चालवली. हेतू चांगलाच होता. १९३८ मध्ये हाउसिंग कमिशन स्थापन झालं, पुढे घरं पाडली गेली आणि १९६० च्या दशकात उंच टॉवर उभे राहिले. पण त्या फोटोंतली माणसं बोलत नाहीत. ती बोलली जॅनेट मॅकॅलमन यांच्या 'स्ट्रगलटाउन'मध्ये, १९८४ साली. त्यांनी रिचमंडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बसून गप्पा मारल्या आणि १९०० ते १९६५ चं रिचमंड त्यांच्या तोंडून लिहिलं. गरिबी होतीच, पण इज्जतीची काळजीही होती, कॅथलिक-प्रोटेस्टंट तेढ होती, मंदीतली उपासमार होती, शेजारधर्म होता. मला गिरणगावची आठवण झाली. माझे आजोबा लालबागच्या चाळीत वाढले. चाळ म्हटलं की सिनेमात एक तर गुंड नाहीतर विनोद, आजोबांच्या गोष्टी त्या दोन्हींत बसत नाहीत.

आणि आता बघा, तेच टॉवर जुने झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं जाहीर केलं की मेलबर्नचे सगळे ४४ सरकारी टॉवर २०५१ पर्यंत पाडून नवी घरं बांधणार. पाडावेत की दुरुस्त करावेत हा वाद वेगळा, त्यावर इथेच दोन तट पडतील. माझा प्रश्न साधा आहे. जुलै २०२० मध्ये फ्लेमिंग्टन आणि नॉर्थ मेलबर्नच्या ९ टॉवरमधल्या लोकांना रातोरात कोंडलं गेलं ते आपण टीव्हीवर पाहिलं. त्या घरांत मोठी झालेली मुलं, त्यांच्या आया, त्यांचं म्हणणं कोण लिहून घेतंय? इमारत पाडल्यावर माणसं पांगतात. मग शोधून सापडत नाहीत.

आता आपल्या 'नुसत्या गवता'कडे येतो.

टार्नीटच्या वायव्येला माउंट कॉट्रेल नावाची बुटकी टेकडी आहे. जुलै १८३६ मध्ये तिथे चार्ल्स फ्रँक्स हा मेंढपाळ मालक आणि त्याचा एक गडी मारले गेले. सूड म्हणून गेलेल्या टोळीनं किमान १० वाथाउरंग माणसं मारली. टोळीचा म्होरक्या हेन्री बॅटमन, जॉनचा भाऊ. मेलबर्नला मेलबर्न हे नाव मिळायच्या आधीची ही गोष्ट, आणि आपल्या घरापासून गाडीनं थोड्याच अंतरावरची.

ट्रुगनीना हे नाव टास्मानियाच्या ट्रुगानिनी या स्त्रीवरून आलं असं मानतात. ती १८३९ मध्ये इकडे आणली गेली होती. तिच्या सोबतच्या टनरमिनरवेट आणि मॉलबॉयहीनर या दोघांना २० जानेवारी १८४२ रोजी मेलबर्नमध्ये जाहीर फाशी दिली. शहरातली ती पहिली फाशी. शहराच्या कौन्सिलनं त्यावर एक छान पुस्तिका काढली आहे आणि २०१६ पासून फ्रँकलिन आणि व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या कोपऱ्यावर स्मारक आहे. जुनं ट्रुगनीना गाव जानेवारी १९६९ च्या वणव्यात जळालं. म्हणजे गवत होतं ते गाव जळाल्यानंतरचं!

वेरिबीच्या मैलापाणी केंद्रात तर अख्खं कोकोरोक गाव होतं. १८९७ पासून शहराचं सांडपाणी इकडे येऊ लागलं, ते शेतावर सोडायचं काम करणारे कामगार तिथेच राहायचे. शाळा होती, हॉल होता, पोहण्याचा तलाव, फुटबॉलची टीम. १९७० च्या दशकापर्यंत घरं हलवली गेली. आज पाण्याची टाकी आणि रिकामा तलाव उरलाय.

बरं, आपण भारतीयही इथे काल-परवा आलेलो नाही. १८९० च्या दशकात पंजाबकडचे फेरीवाले परवाना काढून व्हिक्टोरियाच्या खेड्यापाड्यांत कापड, सुया, दोरे विकत फिरायचे. ट्रोव्हवर जुन्या वर्तमानपत्रांत शोधा, सापडतील. पण कसे? बहुतेक कोर्टाच्या बातमीत, नाव वेडंवाकडं लिहिलेलं. १९०१ च्या कायद्यानंतर मायदेशी जाऊन परत यायचं तर त्यांना सवलतीचं प्रमाणपत्र घ्यावं लागे, त्यावर फोटो आणि हाताचा ठसा. ती प्रमाणपत्रं नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. आपल्यासारख्याच कुणाचा तरी तळहात, शाईत बुडवलेला. त्याच्या मनात काय होतं ते मात्र कुठेच नाही, कारण त्याला कुणी विचारलं नाही.

हे सगळं आत्ताच का सांगतोय? कारण गेल्या वर्षी गणपतीच्या स्मरणिकेसाठी आम्ही एक साधी माहिती शोधत होतो: आपल्या भागातला पहिला सार्वजनिक गणपती कुठल्या वर्षी, कुणाच्या गॅरेजमध्ये बसला? चार जणांनी चार वर्षं सांगितली. जुन्या चिटणिसांची हार्ड डिस्क बंद पडलेली. पहिल्या आरतीचे फोटो ज्या फोनमध्ये होते तो फोन कधीच गेला. ज्या काकांना नक्की माहीत होतं, ते दोन वर्षांपूर्वी वारले. शेवटी आम्ही 'काही वर्षांपूर्वी' असं छापलं. जेमतेम पंधरा वर्षांतली गोष्ट, आणि आमच्या हातून निसटली. मग पुढच्या पिढीनं "इथे आधी काहीच नव्हतं" म्हटलं तर दोष कुणाचा?

म्हणून तीन विनंत्या. एक, स्थानिक लायब्ररीतल्या इतिहासाच्या कपाटाकडे एकदा तरी जा. पुस्तकं तिथेच वाचायची असली तरी चालेल, मागणारं कुणी आहे हे त्यांना कळू दे. दोन, घरात जुनी पत्रकं, स्मरणिका, पावतीपुस्तकं असतील तर फेकू नका. व्हिक्टोरियात छापलेल्या प्रकाशनाची प्रत स्टेट लायब्ररीकडे द्यायची असा कायदाच आहे, आपल्या मराठी स्मरणिकाही त्यात येतात. तीन, आईवडील इथे आले असतील तर फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. पहिलं घर, पहिली नोकरी, पहिला हिवाळा. अर्धा तास पुरे. वर तारीख आणि नाव लिहून ठेवा.

बागेच्या नावाचं म्हणाल, तर मी माझा तो अंगठा काढून घेतलाय. भारतीय नावाला माझा विरोध नाही. पण सुचवण्याआधी इथल्या मूळ लोकांचं त्या जागेविषयी काय म्हणणं आहे ते कौन्सिलला विचारूया, एवढंच. पत्र मी लिहितो, सह्या तुम्ही द्या.

आणि हो, पहिल्या गणपतीचा फोटो कुणाकडे असेल तर खाली टाका. गॅरेज कुणाचं होतं तेही सांगा.