माळवद ते सदनिका : जालना परिसरातील गृहसुखाचा शब्दांवरून इतिहास

घराचा इतिहास लिहिताना वास्तूची शैली, मालकी आणि बांधणीचा खर्च यांचा विचार सामान्यतः होतो. त्या घरात राहणाऱ्यांस रोजचे सुख कोठे व केव्हा लाभत असे, हा विचार क्वचितच होतो. उन्हाळ्याच्या दुपारी कोठे पडावे, पिण्याचे पाणी कोठे ठेवले असता गार राहते, पापड कोठे वाळवावेत, शेजाऱ्याशी दोन शब्द कोठे उभे राहून बोलावेत, या गोष्टी दप्तरांत नोंदल्या जात नाहीत. भाषेत मात्र त्या शिल्लक राहतात. घराच्या भागांची नावे, त्या नावांतील भेद आणि त्यांचा लोप यांवरून राहणीचा इतिहास बराचसा उलगडता येतो. जालना जिल्ह्यापुरता असा प्रयत्न करून पाहण्यास सबळ कारण आहे. माळवदाच्या घरातून सदनिकेत झालेले स्थित्यंतर येथे एक-दोन पिढ्यांच्या अवधीत घडलेले असून दोन्ही प्रकारच्या घरांत राहिलेली माणसे आजही बोलती आहेत.

या भूमीतील गृहजीवन प्राचीन आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ च्या सुमारास तेथे झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले. त्यांत हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भाग होता. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी त्याचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. पाँपेईची मूर्ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या आसनाचा पाय असावा, असे मानले जाते. म्हणजे ती देवघरातील नव्हे, तर रोजच्या वापरातील शोभेची वस्तू होती. घरातील लहानसे सुख हा केवळ आधुनिक काळाचा शोध नव्हे, एवढे यावरून ध्यानात यावे.

मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळी तर याहून नेमका पुरावा मिळतो. तेराव्या शतकाच्या अखेरच्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या मुक्कामाला ‘बिढार’ म्हटले आहे. आजचा ‘बिऱ्हाड’ हा शब्द त्याच कुळातला. स्थानपोथी या महानुभाव ग्रंथात मुक्कामाच्या जागांचे वर्णन करताना दार कोणत्या दिशेस, अंगण कोठे, पटिसाळ कोठे, हे बारकाईने सांगितले आहे. हेतू धार्मिक होता. पण जागा ओळखावयाची ती दिशेवरून आणि स्थानावरून, ही त्या काळची दृष्टी त्यातून स्पष्ट होते.

हीच दृष्टी माळवदाच्या घराच्या शब्दसंग्रहात आढळते. ‘माजघर’ म्हणजे मधले घर; यातील ‘माज’ हा प्राकृत ‘मज्झ’ चा वंशज. ‘ओसरी’चे नाते पाली ‘ओसारक’ या शब्दाशी जोडले जाते. त्याचा अर्थ वळचणीखालचा आडोसा. ‘पडवी’ मूळ घराला टेकून उतरत्या छपराची, ‘परस’ मागच्या अंगाचे, ‘वळचण’ छपराच्या कडेखालची. ही सर्व नावे त्या जागेत काय करावयाचे हे सांगत नाहीत; ती जागा घरात कोठे आहे एवढेच सांगतात. कामावरून पडलेली नावे थोडी : स्वयंपाकघर, देवघर, न्हाणी आणि धान्याची कोठी. अग्नी, देव, पाणी आणि धान्य यांच्या जागा ठरलेल्या. माणसाने मात्र ऊन-सावलीप्रमाणे हालत राहावे, अशी ही व्यवस्था होती. सकाळचे निवडणे-टिपणे ओसरीवर, दुपारचे पडणे माजघरात, संध्याकाळचे बोलणे अंगणात आणि उन्हाळ्यातली रात्र माळवदावर. एकाच घराचे चार प्रहरांत चार उपयोग होत.

या व्यवस्थेस बांधणीचा आधार होता. भिंती जाड, दगडमातीच्या. वर लाकडी तुळया व पाट, त्यांवर काटक्यांचा थर आणि त्यावर गावठाणातील पांढऱ्या मातीचा जाड थर. दिवसभरचे ऊन हा थर शोषून घेई आणि ते आत उतरण्यापूर्वीच रात्र होई. वर तापलेली हवा व चुलीचा धूर छतातील ‘साण्या’वाटे निघून जाई, तेच साणे माजघरात उजेडही आणी. पावसाचे पाणी पन्हाळातून बाहेर पडे. भिंतीतील कोनाडा, दिव्याची देवळी आणि खुंटी यांमुळे जमिनीवरची जागा मोकळी राही. ‘देवळी’ हे देवळाचे लघुरूप. भिंतीतल्या एवढ्याशा पोकळीलाही देवालयाचे नाव मिळाले होते.

तथापि या सुखाचे चित्र एकांगी रंगविणे इतिहासास धरून होणार नाही. ओसरीवर बसण्याचा अधिकार मुख्यतः पुरुषांचा. माजघरातील गारव्याबरोबर तेथला अंधार व धूर स्त्रियांच्या वाट्याला येई. पाणी विहिरीवरून वा नदीवरून डोक्यावर आणावे लागे. गावकुसाबाहेरच्या वस्तीत माजघर आणि ओसरी हा भेद करण्याइतकी जागाच नव्हती. शिवाय माळवदाचे ओझे जीवघेणे ठरू शकते, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने दाखवून दिले. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. दगडमातीच्या भिंती व त्यांवरील जड धाबी कोसळणे हे त्याचे एक प्रमुख कारण होते. जुने घर सोडू पाहणाऱ्या माणसाने केवळ हौसेपोटी ते सोडले, असे म्हणता येत नाही.

मुंबईतील चाळ ही या प्रवासातील मधली पायरी. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये तेथे नगरसुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. १९२० नंतर विकास खात्याने, म्हणजे ‘बीडीडी’ने, बांधलेल्या चाळींत एका कुटुंबास सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली मिळे. तेथे माजघर, पडवी, परस हे सारे शब्द एका ‘खोली’त विरून गेले. ओसरी मात्र नाहीशी झाली नाही. ती सर्वांची मिळून ‘गॅलरी’ झाली. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकाची लोकप्रियता पाहिली म्हणजे या सामायिक जीवनाची ओढ मराठी वाचकास किती होती हे कळते.

जालन्याचे नागरीकरण वेगळ्या वाटेने झाले. १८२७ ते १९०३ या काळात येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती; १९०० मध्ये मनमाड-हैदराबाद लोहमार्ग सुरू झाला. १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १९८१ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. बियाणे व पोलाद या उद्योगांनी नोकरदार व कामगार आणले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,८५,५७७ होती. जुन्या जालन्यातील वाड्यांच्या जागी आणि नव्या वसाहतींत बहुमजली इमारती आल्या. १९६० चा सहकारी संस्था कायदा, १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा कायदा आणि १९७० चा अपार्टमेंट मालकीचा कायदा यांनी या राहणीला कायदेशीर चौकट दिली. कागदावर ‘सदनिका’ आणि बोलण्यात ‘फ्लॅट’, असे दुहेरी नामकरणही तेव्हापासून रूढ झाले.

सदनिकेतील खोल्यांची नावे पाहिली असता एक मूलभूत पालट दिसतो. हॉल, किचन, बेडरूम : नावे बहुतेक कामाची, स्थानाची जवळजवळ नाहीत. झोपेची खोली पश्चिमेस असली, तरी वैशाखातही झोपावयाचे तेथेच. सुखाची तक्रार येथून सुरू होते. चार-पाच इंच जाडीचा सिमेंटचा स्लॅब दुपारी तापतो आणि नेमका संध्याकाळी व रात्री खाली उष्णता सोडतो. माळवदाखाली हे होत नसे. जागा अपुरी हे गाऱ्हाणे पुष्कळदा खरे असते. परंतु असलेली जागा प्रहराप्रमाणे वापरण्याची सवय सुटली, हेही तितकेच खरे आहे.

ही सवय ज्या घरांत टिकली तेथील गृहिणींचे व्यवहार अभ्यासण्याजोगे आहेत. उन्हाळ्यात पूर्वेच्या खिडक्या सकाळी आणि पश्चिमेच्या दुपारपूर्वी बंद करावयाच्या व दिवेलागणीनंतर समोरासमोरच्या उघडावयाच्या. छताजवळची झडप कधीही बुजवावयाची नाही, कारण ती जुन्या साण्याचेच काम करते. माठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात न ठेवता वाऱ्याच्या झोतात ठेवावयाचा; पाझरलेले पाणी उडून गेले तरच आतले गार होते. गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्यावयाचा. गॅलरीला काचा लावून ती खोलीत घेतली, तर जागा वाढते, पण संध्याकाळचा वारा आणि शेजार ही दोन्ही जातात. ‘खिडकी’ हा शब्दही येथे बोलका आहे. हेमचंद्राच्या देशीनाममालेत ‘खडक्की’ म्हणजे लहान दार. खिडकी मुळात जाण्यायेण्याची होती. पुढे ती वाऱ्याची व नजरेची झाली.

पाण्याने मात्र हा हिशेब अवघड केला आहे. नळ घरात आला आणि डोक्यावरचा हंडा उतरला, हे सदनिकेचे निर्विवाद सुख. परंतु २०१२-१३ च्या दुष्काळात शहराला टँकरच्या पाण्यावर मोठ्या प्रमाणात विसंबावे लागले, आणि तिसऱ्या मजल्यावरील कुटुंबास विहिरीची आठवण झाली. पिंप, टाकी, भरलेली बादली यांची रांग न्हाणीघरात पुन्हा उभी राहिली. कूलर हे उन्हाळ्यातील सुख असले, तरी तेही पाण्यावरच चालते. म्हणून येथील गृहसुखाचा विचार तलावांच्या विचारापासून तोडता येत नाही.

गच्चीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. ‘गच्ची’च्या मुळाशी फारसी ‘गच’, म्हणजे चुना, आहे. माळवद एका घराचे होते. गच्ची सर्वांची, म्हणजे पुष्कळदा कोणाचीच नाही, आणि तिला कुलूप लागते. शेवया, कुरडया, पापड यांचे वाळवण, उन्हाळ्यातील झोप आणि आकाशाखालची गोष्ट ही तिन्ही सुखे त्या कुलपाआड राहतात. जेथे वाळवणाचे दिवस ठरवून किल्ली आलटून पालटून दिली जाते, तेथे विरजणाची वाटीही जिन्यावरून खाली-वर जाऊ लागते. सामायिक जागेचा नियम हा केवळ संस्थेच्या कारभाराचा भाग नसून गृहसुखाचा भाग आहे.

पडलेल्या माळवदाबरोबर साणे, देवळी, पन्हाळ, पटिसाळ हे शब्द जात आहेत. त्यांचा संग्रह केवळ कोशाच्या भरतीसाठी करावयाचा नाही. एकेका शब्दात उष्णता, वारा, पाणी आणि शेजार यांविषयीचा अनुभव साठलेला आहे, आणि सदनिकेत राहणाऱ्यास तो आजही उपयोगी पडणारा आहे. जुन्या घरांचे आराखडे काढून त्यांवर त्या घरांत नांदलेल्या वृद्धांकडून, विशेषतः स्त्रियांकडून, जागांची नावे आणि त्यांच्या वापराच्या वेळा लिहून घेणे हे काम जिल्ह्यातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सहज करता येण्यासारखे आहे. ते आणखी एक पिढी लांबणीवर टाकल्यास सांगणारे उरणार नाहीत.