वेरूळच्या नायिका

विद्यार्थिदशेत नाट्यशास्त्राची जी प्रकरणे मी परीक्षेसाठी मुखोद्गत केली, त्यांत नायक-नायिकांच्या वर्गीकरणाचे एक प्रकरण होते. आणि ते घोकताना जी गोष्ट एकदाही मनात आली नव्हती, ती श्रावणातल्या एका सोमवारी, वेरूळच्या घृष्णेश्वराच्या रांगेत उभा असताना प्रथम माझ्या ध्यानी आली. नायक चार प्रकारचे: धीरोदात्त, धीरोद्धत, धीरललित आणि धीरप्रशांत. पुरुषाची ओळख ही त्याच्या स्वभावावरून. नायिका आठ: वासकसज्जा, विरहोत्कंठिता, स्वाधीनपतिका, कलहांतरिता, खंडिता, विप्रलब्धा, प्रोषितभर्तृका आणि अभिसारिका. कोणी सजून वाट पाहणारी, कोणी भांडून मागाहून पस्तावणारी, कोणी फसविली गेलेली. स्त्रीची ओळख मात्र तिचा प्रियकर त्या घटकेला जवळ आहे की दूर, रुष्ट आहे की अनुकूल, यावरून. भरतमुनींनी स्त्रियांच्या शीलाचेही पुष्कळ प्रकार वर्णिले आहेत, हे खरे. परंतु परंपरेने जिव्हाग्री ठेवल्या त्या या अष्टनायिकाच.

घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात जाण्यापूर्वी पुरुषाने कमरेवरची वस्त्रे उतरवावीत, असा येथला प्रघात आहे. माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने टोपी काढली, सदरा काढला, बंडी काढली, आणि त्या सर्वांची घडी घालून ती काखेत धरली. त्यांच्या शेजारी त्यांची कारभारीण डोईवरचा पदर सावरीत, ओंजळीत बेल घेऊन, होती तशीच पुढे सरकत होती. आणि ज्या देवापुढे आम्ही निघालो होतो, त्याच्या नावात एका गृहिणीचे नाव गुंफलेले आहे, याची मला त्या क्षणी आठवण झाली.

शिवपुराणातील कथा अशी. सुधर्मा नावाच्या ब्राह्मणाची पत्नी सुदेहा हिला अपत्य नव्हते. शेजारणींच्या टोमण्यांनी विद्ध झालेल्या सुदेहेने स्वतःच आग्रह धरून आपली धाकटी बहीण घुश्मा हिचा पतीशी विवाह लावून दिला. घुश्मा रोज एकशे एक पार्थिव लिंगे करी, पुजी आणि जवळच्या सरोवरात विसर्जित करी. तिला पुत्र झाला. घरातले मानाचे आसन हळूहळू तिच्याकडे सरकले. आणि असूयेने ग्रासलेल्या थोरलीने एका रात्री त्या मुलाचा वध करून त्याचे शव त्याच सरोवरात टाकले. सकाळी हे वृत्त कळल्यावरही घुश्मेने आरंभिलेली पूजा मोडली नाही. शंकर प्रसन्न झाले, पुत्र जिवंत होऊन काठावर आला, आणि देव सुदेहेला शासन करण्यास उद्युक्त झाले तेव्हा घुश्मेने वर मागितला तो बहिणीच्या क्षमेचा. तिच्याच नावाने देव तेथे राहिले.

आता दहाव्या शतकातील धनंजयाच्या ‘दशरूपका’त धीरोदात्त नायकाची लक्षणे पाहावीत: क्षमाशील, स्थिर, आत्मश्लाघा न करणारा, घेतलेले व्रत न सोडणारा. यांतले घुश्मेच्या ठायी कोणते उणे आहे? शास्त्राने ज्या आसनावर केवळ पुरुषाला बसविले, त्यावर लोकश्रद्धेने वेरूळच्या एका गृहिणीला केव्हाच बसविले आहे.

देवळापासून थोड्याच अंतरावर लेण्यांची रांग सुरू होते. तेथील कैलास लेण्याच्या बाबतीत लेख आणि लोककथा यांची गमतीची नव्हे, तर विचारात पाडणारी विसंगती आहे. इ. स. ८१२ च्या बडोदा ताम्रपटात एलापूरच्या या अद्भुत मंदिराचे श्रेय राष्ट्रकूट राजा कृष्ण याला दिले असून, आपण हे कसे घडविले, असे आश्चर्य खुद्द शिल्पकारालाच वाटल्याचे वर्णन आहे. परंतु कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त आलेली कथा निराळी आहे. राजा दुर्धर व्याधीने पीडित असता राणीने घृष्णेश्वराला नवस केला, की पती बरा झाल्यास मंदिर बांधीन आणि त्याचे शिखर पाहीपर्यंत अन्न घेणार नाही. शिखर दिसायचे तर वर्षे लोटणार. तेव्हा पैठणचा कोकस नावाचा स्थपती पुढे आला आणि त्याने डोंगराच्या माथ्यापासून खाली खोदावयास आरंभ करून प्रथम शिखरच घडविले. सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद खड्ड्यात उभे असलेले हे मंदिर वरून खाली खोदले गेले, ही गोष्ट निःसंशय खरी. तिचे कारण शोधताना ताम्रपट राजाकडे पाहतो, आणि लोककथा एका स्त्रीच्या निश्चयाकडे. या लेण्याला माणकेश्वर असेही म्हणत, ते माणिकावती राणीवरून, असे परंपरा सांगते. कथेला मी इतिहासाचा दाखला मानीत नाही. परंतु दृढव्रत हा स्त्रीस्वभाव असू शकतो, हे ज्या समाजाला सहज पटले, त्या समाजाविषयीचा दाखला मात्र ती आहे.

एकविसाव्या, म्हणजे रामेश्वर लेण्यात ही जाणीव पाषाणात उमटली आहे. तेथे विवाहाच्या दृश्यासोबत पार्वती पंचाग्नीच्या मध्ये तप करताना दाखविली आहे: देणाऱ्याने दिलेली कन्या नव्हे, तर स्वकष्टाने वर मिळविणारी तपस्विनी. त्याच लेण्यात दुसरीकडे तीच शंकरासमोर सारीपाट मांडून बसली आहे. तो खेळ मी बराच वेळ पाहत राहिलो. दोघे समोरासमोर बसली आहेत, खाली गणांनी नंदीला भंडावून सोडले आहे, आणि देवीच्या बैठकीत अशी निवांत ऐट आहे, की शास्त्राने धीरललिताला दिलेली निश्चिंतता मूर्तिमंत पाहावी. एकच व्यक्ती एका भिंतीवर तापसी आणि दुसरीवर खेळकर. शिल्पींनी तिला एका कोष्टकात कोंडले नाही.

परंतु स्वभाव प्रकट व्हावयास अवकाश लागतो, आणि व्यवहारात तो अवकाश म्हणजे उत्पन्न आणि अखत्यार. वेरूळची पाटीलकी ज्या भोसल्यांकडे होती, त्यांच्या घराण्यातील मालोजीराजांचे नाव घृष्णेश्वराच्या जीर्णोद्धाराशी जोडलेले आहे. वतने, सनदा, जहागिरी या पुरुषांच्या नावे चालत, हा त्या काळचा दस्तूर. याला एक लक्षणीय अपवाद होळकरांच्या दौलतीत घडला. १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगीची जहागीर करून दिली. सरकारी महसुलाहून वेगळे असे हे उत्पन्न घराण्यातील स्त्रियांच्या हाती राहिले. घृष्णेश्वराचे आजचे तांबूस दगडी मंदिर ज्या पुनर्रचनेतून उभे आहे, तीत गौतमाबाई आणि त्यांच्या सून अहिल्याबाई, या दोघींची नावे येतात, हा योगायोग मला वाटत नाही. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी थांबविले, आणि पुढे १७६५ च्या पत्रांतून तिला तोफखान्याच्या बंदोबस्ताच्या सूचना केल्या. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्या बाईंनी दौलत सांभाळली. अष्टनायिकांच्या यादीत पती गमावलेल्या स्त्रीला जागाच नाही. सासऱ्याने मात्र सुनेचा स्वभाव ओळखून तिच्या हाती कारभार दिला.

घरी परतल्यावर मी जुनी वही काढली. धीरोदात्त या शब्दापुढे घुश्मा, माणिकावती, अहिल्याबाई अशी नावे लिहिली. धीरललितापुढे सारीपाट खेळणारी पार्वती लिहिली. सुदेहेपाशी मात्र लेखणी थांबली. एकाच आईच्या पोटी आलेल्या, एकाच घरात नांदलेल्या त्या दोघींत थोरलीचा मूळ स्वभाव कसा होता, हे कथा सांगतच नाही. स्वतःच्या संसारात बहिणीला जागा करून देण्याइतके तिचे मन मोठे होते, एवढेच आरंभी दिसते, आणि स्त्रीची किंमत पुत्रावरून करणाऱ्या जगाने त्या मनाचे पुढे काय केले, हे शेवटी. तिला क्षमा मिळाली. तिचा स्वभाव पाहण्याइतका अवकाश मात्र तिला कोणीच दिला नाही. म्हणून तिच्या नावापुढची जागा मी कोरीच ठेवली आहे.