घरापुरीच्या लाँचची चाल

गेटवेहून घरापुरीला निघालेल्या लाकडी लाँचमध्ये कडेच्या बाकावर बसावं आणि थोडं वाकून बोटीला खेटून धावणाऱ्या पाण्याकडे बघावं. नाळेपाशी पाणी उचललं जातं, मध्यावर खाली बसतं आणि सुकाणूच्या आसपास पुन्हा उठतं. दहाएक किलोमीटरला तासभर लागतो. घाईतला एखादा प्रवासी म्हणतो, ‘जरा रेस करा की!’ तांडेलानं केलीच, तर धूर वाढतो, आवाज वाढतो, मागची बाजू पाण्यात बसते; चाल मात्र जेमतेम सुधारते. यात इंजिनाचा दोष नाही. बोट स्वतःच काढलेल्या लाटेत अडकलेली असते.

केबिनची मोटरबोट पारखताना जाणकार आधी ही लाट बघतात, अश्वशक्ती नंतर विचारतात. ही पारख आली इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातून.

विल्यम फ्रूड (1810–1879) हा मुळातला रेल्वेचा इंजिनिअर, ब्रुनेलच्या हाताखाली काम केलेला. त्याच्या काळात जहाज किती धावेल ते पाण्यात उतरवल्यावरच कळे, आणि अंदाज फसला तर सगळा पैसा पाण्यात. लहान प्रतिकृती ओढून पाहिली, तर तिचे आकडे मोठ्या जहाजाला लागू पडत नसत. त्यामुळे प्रतिकृती म्हणजे खेळणी, असं भल्याभल्यांचं मत होतं. 1867 मध्ये फ्रूडनं डार्ट नदीत दोन घाटांच्या प्रतिकृती ओढायला घेतल्या. बोथट टोकांची ‘स्वान’ आणि निमुळत्या टोकांची ‘रेव्हन’. दोन्ही तीन, सहा आणि बारा फुटांच्या. ओढायला वाफेवरची लाँच होती.

दिसायला निमुळती ‘रेव्हन’ सरस. प्रत्यक्षात वेग बदलला की निकालही बदले; सगळ्या वेगांना सरस असा घाट दोघींत नव्हताच. पण खरी चावी सापडली ती लाटांत. तीन फुटी प्रतिकृतीभोवती एका वेगाला जी नक्षी उमटे, तीच बारा फुटीभोवती दुप्पट वेगाला उमटे. लांबी चौपट, तर वेग दुप्पट. म्हणजे वेगाचं नातं लांबीच्या वर्गमुळाशी होतं, आणि हे नातं सांभाळून प्रतिकृती ओढली, तर तिच्या लाटा मोठ्या जहाजाबद्दल खरं बोलत होत्या.

शंकेखोरांसाठी 1871 मध्ये ‘ग्रेहाउंड’ ही आख्खी युद्धनौका ‘ॲक्टिव्ह’च्या मागे दोराला बांधून ओढली गेली आणि दोरावरचा ताण मोजला गेला. प्रतिकृतीवरून काढलेल्या आकड्यांशी त्याचा मेळ बसला. ब्रिटिश नौदलाच्या 2000 पौंडांतून टॉर्कीला फ्रूडच्या घराशेजारी 278 फूट लांबीचा हौद झाला. 1872 पासून तिथं पॅराफिन मेणाच्या प्रतिकृती धावू लागल्या.

या हिशेबातून पुढे बोटवाल्यांच्या तोंडी बसलेला आकडा निघाला: 1.34. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 1.34 नं गुणा, उत्तर नॉटमध्ये. बोट 36 फुटी असेल तर सहा गुणिले 1.34, म्हणजे आठ नॉट, तासाला सुमारे 15 किलोमीटर. या वेगाला लाटेची लांबी बोटीएवढी होते. एक माथा नाळेशी, दुसरा मागच्या टोकाशी. त्याहून जोर केला की लाट आणखी लांबते, मागचा माथा निसटतो आणि बोटीला स्वतःच्याच लाटेची चढण लागते.

डिझेल या कुळात आलं ते तीस वर्षांनी. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनानं 1897 मध्ये आउग्सबुर्गच्या चाचणीत इंधनातल्या उष्णतेपैकी 26.2 टक्के कामाला लावली. 1903 मध्ये फ्रान्सच्या कालव्यात ‘पेती-पिएर’ ही डिझेलवरची बोट चालू लागली. पण ते धूड छोट्या बोटीला पेलणारं नव्हतं. इंधन फवारायला दाबाची हवा लागे, म्हणजे वेगळा कॉम्प्रेसर आला. बॉशचा इंधनपंप 1927 पासून कारखान्यातून निघू लागला, तेव्हा कुठं लहान, चपळ डिझेल आवाक्यात आलं. केबिनच्या बोटीला ते आणखी एका कारणानं मानवलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यानं तळात साचते आणि एका ठिणगीनं भडका उडतो. माणसं झोपायची त्याच्याच खाली ती नको.

राहिली लाटेची चढण. चढायची, तर बोट पाणी कापण्याऐवजी पाण्यावर उचलली जायला हवी. सपाट तळ सहज उचलला जातो, पण खवळलेल्या समुद्रात हाडं खिळखिळी करतो. अमेरिकन रचनाकार रे हंट यानं इंग्रजी ‘व्ही’सारखा खोल तळ थेट मागच्या टोकापर्यंत नेला. 1960 च्या मायामी–नासाऊ शर्यतीत त्याच्या घाटाची तीस फुटी ‘मॉपी’ वादळी समुद्रातून सुमारे आठ तासांत पोचली आणि वेगवान केबिन-बोटींचे तळ त्या वळणावर गेले. फुकट मात्र काही मिळत नाही: खोल ‘व्ही’ उचलायला जास्त ताकद लागते. डिझेलच्या एका लिटरमागे तासभर साधारण पाच अश्वशक्ती मिळतात. 200 अश्वशक्ती वापरल्या की तासाला 40 लिटर गेले.

म्हणून आजही चाचणीत बोट एकाच पट्ट्यात दोन्ही दिशांनी पळवतात, भरती-ओहोटीचा ओढा सरासरीत वजा व्हावा म्हणून. इंजिनाच्या फेऱ्यांच्या प्रत्येक पायरीला वेग आणि लिटर लिहून घेतात. आकडे शेजारी मांडले की चढण कागदावरही दिसते: डिझेल भराभर वाढतं, वेग रेंगाळतो.

घरापुरीच्या लाँचला कागद लागत नाही. परतीच्या फेरीत मागचा माथा कुठं उठतोय एवढं बघा. सुकाणूच्या अलीकडे असेल, तर तांडेल डिझेल जपून वापरतोय.