लाकडाचा हिशेब

तर झालं असं, की गेल्या रविवारी भाचीचा नेदरलँड्सहून व्हिडिओ कॉल आला. ती तिथे मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकते. तिथल्या विद्यापीठांत बऱ्याच ठिकाणी अशी पद्धत आहे की मुख्य विषय चालू असताना साधारण एक सत्र दुसऱ्याच एखाद्या विषयाला द्यायचं. त्याला म्हणतात मायनर. बाईसाहेबांनी निवडलंय 'शाश्वत उद्योजकता'. म्हणजे धंदा असा करायचा, की नफाही व्हावा आणि निसर्गाचं नि माणसांचं दिवाळंही निघू नये.

भावोजी नाराज. त्यांचं म्हणणं, "पर्यावरण शिकायचं तर पर्यावरण शिक, धंदा शिकायचा तर धंदा. ही खिचडी कशाला? कालपरवाचं फॅड आहे, चार वर्षांनी कुणी विचारणार नाही." मग भाचीचं नेहमीचं, "मामा, तू इतिहास वाचत असतोस ना, सांग की बाबांना!"

भावोजींना मेल लिहायला बसलो आणि मेल मारुतीच्या शेपटासारखी वाढली. म्हणून इथेच टाकतोय. ते वाचतातच. :-)

भावोजी, पहिली गोष्ट. हे फॅड असलंच, तर तीनशे वर्षं जुनं आहे. आणि ते कुणा झाडं कवटाळणाऱ्या साधूच्या डोक्यातून निघालेलं नाही, ते निघालं चांदीच्या खाणींच्या साहेबाच्या डोक्यातून.

जर्मनीत सॅक्सनी प्रांतात फ्रायबर्ग नावाचं गाव आहे. तिथे बाराव्या शतकात चांदी सापडली आणि पुढे कित्येक शतकं खाणी चालल्या. आता चांदी म्हटलं की आपल्याला दगड-माती आठवते, पण खाण चालते लाकडावर. बोगद्याला टेकू लाकडाचे. खडक फुटेना म्हणून त्याला आग लावून तडकवायचा, तेव्हा जळायचं लाकूडच. आणि धातू वितळवायला भट्टीत कोळसा, तोही लाकडाचाच. आसपासचे डोंगर बोडके झाले, मग नद्यांतून लांबून ओंडके वाहून आणायची वेळ आली. चांदी जमिनीत होती, लाकूड मात्र संपत चाललं होतं.

हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ हा तिथल्या खाणखात्याचा प्रमुख. वनाधिकाऱ्याचा मुलगा. त्याने १७१३ साली लाइपझिगमध्ये एक जाडजूड ग्रंथ छापला आणि पुढच्याच वर्षी वारला. सांगणं साधंच होतं. जेवढं वाढतं तेवढंच तोडा, तोडलंत तर पेरा, भट्ट्या कमी लाकूड खातील अशा बांधा, घरं ऊब धरतील अशी बांधा. झटपट पैशासाठी जंगल साफ करणाऱ्यांवर त्याने चांगलंच तोंडसुख घेतलंय. हा वापर कसा असावा हे सांगताना त्याने 'टिकून राहणारा' अशा अर्थाचा जो जर्मन शब्द वापरला, त्यातूनच पुढे 'सस्टेनेबल'ची सगळी वंशावळ निघाली असं मानतात. म्हणजे हा शब्द जन्माला आला तोच खतावणीच्या पानावर. मुद्दल खाऊ नका, व्याजावर जगा. कुठलाही कोकणी म्हातारा हेच सांगेल.

मग हे शिकवलं जाऊ लागलं. फ्रायबर्गला १७६५ साली खाणकामाची अकादमी निघाली. जवळच थारांटला हाइनरिश कोटाने १८११ साली आपली वनशास्त्राची शाळा हलवली. बी पेरणं, वाढ मोजणं आणि हिशेब ठेवणं, तिन्ही एकत्र. भावोजी, तुमची 'खिचडी' तिथे तेव्हापासून शिजते आहे.

आता ही खिचडी आपल्या ताटात कशी आली ते ऐका. इंग्रजांना जहाजांना साग हवा होता. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, तेव्हापासून रुळांखालच्या स्लीपरांची भूकही सुरू झाली. जंगलं झपाट्याने पडू लागली आणि सरकारला माणूस हवा झाला. तो मिळाला जर्मन, डीट्रिश ब्रँडिस, बॉनचा वनस्पतिशास्त्रज्ञ. १८५६ साली तो ब्रह्मदेशात पेगूच्या सागवनांवर नेमला गेला. हत्तीवर बसून जायचा आणि दिसेल त्या सागाची जाडीप्रमाणे बांबूच्या तुकड्यावर खूण करायचा. चार प्रकारच्या जाडीचे चार तुकडे. त्यावरून दरवर्षी किती तोडायचं ते ठरवायचा. १८६४ साली तो हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला प्रमुख झाला, आणि १८७८ साली डेहराडूनला वनशाळा निघाली.

इथवर सगळं छान. पण त्याच १८७८ साली नवा वनकायदाही आला. ब्रँडिसचं मत होतं की गावांनाही त्यांची स्वतःची राने असावीत. कायद्यात तशी तरतूद राहिली, पण बहुतेक कागदावरच. जंगल सरकारचं झालं, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे शेळ्या चारणारा, फाटी आणणारा माणूस एका रात्रीत गुन्हेगार ठरला. झाडं टिकवायचा हिशेब चोख होता, फक्त त्यात या माणसाचा रकानाच नव्हता.

हे बरोब्बर पकडलं आपल्या जोतीराव फुल्यांनी. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून पूर्ण झाला. त्यात त्यांनी वनखात्याला चांगलंच फैलावर घेतलंय, की डोंगर, दऱ्या, गायरानं सगळं जंगलात घातलंत, आता गरिबाच्या शेळीने चरायचं कुठे? आणि ते नुसती तक्रार करून थांबत नाहीत. पाऊस जमिनीत मुरावा, माती वाहून जाऊ नये म्हणून बांध घाला असे उपायही सांगतात. जोतीराव स्वतः कंत्राटदार होते, बांधकामाचा धंदा केलेला माणूस. आपण त्यांना शाळेच्या पुस्तकात कोंडून ठेवलंय, पण शाश्वत उद्योजकतेचा मराठी पाठ कुठे असेल तर तो इथे आहे असं मला वाटतं.

त्यापुढचं तुम्हाला पेपरातून माहीत असेल. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल आला. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवा, हे वाक्य जगभर गेलं. १९९४ साली जॉन एल्किंग्टनने धंद्याचा हिशेब तीन रकान्यांत मांडायला सांगितलं: माणसं, पृथ्वी, नफा. जोतीरावांनी विचारलेला रकाना अखेर वहीत आला, शंभरएक वर्षांनी.

एवढं लिहून फोनवर भाचीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मामा, आपल्या रानाचं काय ते पण लिही ना."

तिच्या आईने सांगितलं असणार. तर लिहितो. १९७१ साली आमच्या वडिलांनी कुलाबा जिल्ह्यातलं आमचं मालकी रान कोळशाच्या ठेकेदाराला दिलं. मी लहान होतो. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं आली. ठेकेदाराकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली, ती फेडायला. मुलंबाळं, कोंबड्या, सगळं घेऊन भट्टीशेजारी खोपटी बांधून राहिली. माझ्याएवढा एक मुलगा होता, रात्री भट्टीवर लक्ष ठेवायला बापाबरोबर जागायचा. शिमग्यापर्यंत डोंगर रिकामा झाला. त्या पैशांत माझं आणि ताईचं पुण्यातलं शिक्षण झालं. त्या मुलाची उचल फिटली की नाही, ते आमच्या घरात कधी कुणी विचारलं नाही. पावसात माती ओढ्यात आली, आणि विहीर पुढे मार्चमध्येच तळ गाठू लागली.

वडिलांना मी दोष देत नाही. दोन पोरांची फी समोर होती. पण त्यांच्या वहीत जमा-खर्च दोनच रकाने होते, तिसरा कुणी शिकवलाच नव्हता.

म्हणून भावोजी, शिकू द्या तिला. फी अर्धी मी देईन. नाहीतरी माझ्याकडे त्या रानाचं देणं आहेच.