ओटीपी, पिन, आयएमईआय : कोणता नंबर सांगायचा, कोणता नाही

"ओटीपी आलाय, सांगू का त्यांना?" अम्मी फोन हातात धरून असं विचारते, तेव्हा नुसतं "नको" म्हणून भागत नाही. म्हणून हे शब्द आम्ही इथे सोपे करून देतो आहोत.

ओटीपी म्हणजे एकदाच चालणारा, थोड्या वेळात बाद होणारा पासवर्ड. व्यवहार आपणच करतोय याची खात्री बँक त्यावरून करते. तो दुसऱ्याला सांगितला की बँकेच्या लेखी तो दुसराच 'आपण' होतो. बँक तो फोनवर मागत नाही. (पार्सलवाल्याला द्यायचा कोड निराळा, पण तोही मेसेज पूर्ण वाचूनच द्या.)

यूपीआय पिन आपण स्वतः ठरवतो. पैसे पाठवताना तो लागतो, घेताना कधीच नाही. "रक्कम जमा करतो, पिन टाका" म्हणणारा तुमचेच पैसे काढत असतो.

आयएमईआयचं उलटं आहे. हा हँडसेटचा १५ अंकी नंबर, सिम बदललं तरी तोच राहतो. *#०६# दाबलं की दिसतो. दोन सिमच्या फोनला सहसा दोन असतात. वहीत लिहून ठेवा. फोन हरवल्यावर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर तो ब्लॉक करता येतो, तिथे हाच नंबर लागतो.

आणि पैसे गेलेच, तर घरच्यांच्या बोलण्याला घाबरून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती अडवता येते.