वीस टक्क्यांची भिंत

जेसल पार्कातल्या इमारतींच्या गच्च्यांवर अजून तबकड्या दिसतात. तबकडी कोणाची? आपलीच, पैसे आपण भरले. पण सिग्नल पाठवणारी कंपनी कोणाची, हा आजचा विषय.

डीटीएचवर 1997 मध्ये बंदी आली, ती 2000 च्या अखेरीस उठली. मार्च 2001 च्या नियमांत एक कलम होतं: वाहिन्या आणि केबल चालवणाऱ्या कंपन्यांनी मिळून डीटीएच कंपनीत 20 टक्क्यांहून जास्त भाग घ्यायचा नाही. म्हणजे बघा, माल बनवणारा आणि दुकानदार एकच नको. टाटा स्कायमध्ये टाटांचे 80, स्टारचे 20, हे गणित त्याच मर्यादेत बसवलेलं होतं. पुढे 2019 मध्ये फॉक्सची मालमत्ता डिस्नेने घेतली. अमेरिकेत त्या सौद्यासाठी 22 प्रादेशिक क्रीडा वाहिन्या विकायची अट होती. टाटा स्कायमधला हिस्सा मात्र सौद्याबरोबर आपसूक डिस्नेकडे गेला.

ही आधी बांधलेली भिंत. दुसरी रीत सौदा तपासताना कात्री लावण्याची. स्पर्धा आयोगाला विलीनीकरणं तपासायचा अधिकार 1 जून 2011 पासून आहे. 4 ऑक्टोबर 2022 ला त्याने झी-सोनीला होकार दिला, पण बिग मॅजिक, झी ॲक्शन आणि झी क्लासिक विका, आणि त्या स्टारला किंवा वायाकॉम18 ला विकू नका, असं ठरलं. आम्हाला हा शेवटचा भाग सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. विकलेली वाहिनी दुसऱ्या बड्याच्याच पदरात पडली तर विकून मिळवलं काय?

त्या योजनेत सोनीकडे 50.86 टक्के जाणार होते, 1992 मध्ये झी सुरू करणाऱ्या प्रवर्तकांकडे 3.99. जानेवारी 2024 मध्ये सौदाच मोडला, वाहिन्या जागच्या जागी राहिल्या. आणि गंमत अशी की, ज्या दोघांना विकायचं नव्हतं, त्यांच्याच एकत्र येण्याला आयोगाने त्याच वर्षी 28 ऑगस्टला मान्यता दिली. पक्षांनी स्वतः सुचवलेल्या बदलांसह, हे खरं. नोव्हेंबरात हिस्से ठरले: रिलायन्स 16.34, तिच्याच ताब्यातली वायाकॉम18 46.82, डिस्ने 36.84. एकेक सौदा सुटा तपासला की दोन वर्षांपूर्वीच्या अटीमागचा विचार पुढच्या सौद्याला बांधत नाही, असं आमचं मत आहे.

1969 चा एमआरटीपी कायदा याहून कडक होता का, ते पुढच्या खेपेस बघू.